घेर, चुण्या आणि मोहरी

पंजाबी पोशाखाविषयी लिहिणारे बहुतेक जण ओढणीवरच्या फुलकारीपासून, म्हणजे रेशमी भरतकामापासून, सुरुवात करतात. माझा व्यवसाय कापड बेतण्याचा असल्यामुळे माझे लक्ष आधी सलवारीच्या नेफ्याकडे, म्हणजे नाडी ओवायच्या कमरेच्या पट्टीकडे, जाते. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात मी मुलींना आणि घरोघरच्या सुनांना शिवणकाम शिकवते, आणि वर्गात येणारी जवळजवळ प्रत्येक जण ब्लाउजनंतर जे शिकायला मागते ते ‘पंजाबी ड्रेस’ हेच असते. हा पोशाख आमच्याकडे इतका रुळला आहे की त्याचे पंजाबीपण आता नावापुरतेच उरले आहे, आणि त्या नावामुळे पंजाबात सगळीकडे, सगळ्या काळी, सगळ्या बायका हेच घालत आल्या असाव्यात असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात तिथे एक नदी ओलांडली की नेफ्याला किती कापड जोडायचे, ते कुठे चुणायचे आणि घोट्यापाशी त्याचे काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलत असत. प्रादेशिक फरक ओळखायचा असेल तर रंग आणि नक्षी घटकाभर बाजूला ठेवून या तीन गोष्टी पाहाव्यात, असे माझे मत आहे.

आमच्याकडे हा पोशाख कसा आला ते थोडक्यात सांगते. माझ्या आजीच्या पिढीतल्या बाया निंदणाला आणि कापूस वेचायला नऊवारी लुगड्याचा काष्टा घालून जात. पाय मोकळे राहत, वाकताना-बसताना अंग झाकलेले राही आणि कमरेला बांधलेल्या फडक्यात वेचलेला कापूस भरता येई. मुली परकर-पोलके घालत. पुढे वरच्या वर्गांच्या गणवेशातून सलवार-कमीज आली आणि सायकलने लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलींनी ती कायमची स्वीकारली. पाय मोकळे ठेवून अंग झाकण्याचे जे काम आमच्याकडे काष्टा करत होता तेच पंजाबात सुथण (घोट्याला आवळलेली जुनी विजार) आणि सलवार करत होती, म्हणून हा पोशाख बायकांना परका वाटला नसावा. विरोध झाला तो सासरच्या घरांत, आणि तोही सलवारीला नव्हता. डोक्यावर पदर राहत नाही, ही तक्रार होती.

बाजारात हा पोशाख घडीच्या रूपाने येतो. ‘ड्रेस मटेरियल’च्या एका घडीत वरचे कापड, खालचे कापड आणि ओढणी असे तीन भाग असतात, आणि खालचे कापड साधारणपणे सव्वादोन ते अडीच मीटर असते. तेवढ्यात मध्यम घेराची सरळ सलवारच निघते. म्हणजे कोणत्या मुलखाची सलवार शिवायची, हा निर्णय माझ्या विद्यार्थिनींनीही घेतलेला नाही आणि मीही घेतलेला नाही. तो सुरतेत घडी बांधणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेला आहे.

पंजाबातले लोक आपला मुलूख नद्यांवरून सांगतात. बियास आणि सतलज यांच्या मधला तो दुआबा, म्हणजे जालंधर, होशियारपूर, कपूरथळा. बियासच्या पलीकडे, रावीच्या दोन्ही अंगांना ‘माझा’ नावाचा मुलूख, ज्यात अमृतसर, तरनतारन, गुरदासपूर आणि आज सीमेपलीकडे असलेले लाहोर येते. सतलजच्या दक्षिणेला सर्वांत विस्तीर्ण असा माळवा, म्हणजे पतियाळा, संगरूर, भटिंडा, फिरोजपूर आणि आमच्याकडे केवळ स्वेटरमुळे ठाऊक असलेले लुधियाना. त्याच्या पूर्वेला रोपड-मोहालीकडचा पुआध. (माळवा म्हटले की आमच्या लोकांना मध्य प्रदेशातला माळवा आठवतो, हा तो नव्हे.) १९४७ च्या फाळणीत पश्चिमेकडचा मोठा भाग पाकिस्तानात गेला. रावळपिंडी आणि झेलमच्या आसपासचे पोठोहारचे पठार गेले, झंग गेले, मुलतान आणि बहावलपूर गेले. पोशाखाच्या दृष्टीने ही घटना फार मोठी आहे, कारण सर्वांत जास्त घेराच्या सलवारी त्या बाजूला राहिल्या, आणि आपण आज ज्याला सरसकट पंजाबी म्हणतो त्यात पूर्वेकडचा, त्यातही माळव्याचा, वाटा मोठा आहे.

सलवार सर्वत्र पसरण्याआधी पंजाबी बायकांच्या अंगावर कुर्त्याबरोबर सुथण असे. दोन्हींना नाडी आहे आणि दोन्हींना चुण्या आहेत, तरी त्या वेगळ्या ओळखण्याची खूण घोट्यापाशी आहे. सुथणीचे कापड घोट्यावर घट्ट पट्टीत आवळलेले असते आणि वरचा सगळा घेर त्या पट्टीवर येऊन थांबतो. सलवारीची मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, उघडी, थोडी कडक आणि पावलावर उतरणारी असते. जुन्या सुथणी सुसी नावाच्या कापडाच्या असत. सुसी म्हणजे उभ्या रंगीत रेघांचे सुती कापड, आणि चांगल्या प्रतीत या रेघा रेशमी धाग्याच्या. शिवणाऱ्या माणसाला यातले शहाणपण लगेच कळते. उभ्या रेघांचे कापड दाट चुणले की काही रेघा घडीत लपतात आणि काही वर येतात, त्यामुळे कसलेही भरतकाम न करता नुसत्या चुण्यांतून नक्षी तयार होते.

घराबाहेर पडताना या सुथणीवर घागरा चढवण्याची रीत होती. माळव्यातल्या वयस्क बायकांनी ती बराच काळ टिकवली. दक्षिणेला हरियाणाच्या हद्दीत गेल्यावर तर दामण नावाचा घेरदार घागरा हाच बायकांचा मुख्य पोशाख होता. आज पंजाबात घागरा पाहायचा असेल तर गिद्धा या बायकांच्या नाचाच्या कार्यक्रमात किंवा लग्नाच्या छायाचित्रांत पाहावा लागतो. दुहेरी कापडाचा तो भार कामाच्या बाईने का सोडला असेल, हे समजण्यासाठी पंजाबात जाण्याची गरज नाही.

पश्चिमेकडे जावे तसे सलवारीचे कापड वाढत जाते. पोठोहारी सलवारीने जुन्या सुथणीचा रुंदपणा राखला. मुलतान-बहावलपूरकडे घेर इतका वाढला की तिथल्या एका प्रकाराला घेरेवाली, म्हणजे घेराची, सलवार असेच म्हटले जाते. तो मुलूख कोरडा आणि कडक उन्हाळ्याचा. तिथे पायांभोवती हवा खेळती ठेवणारे सैल सुती कापड ही चैन मानता येणार नाही. ती त्या हवेची गरज आहे. उन्हाळा आमच्याकडेही पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, शिवाय आम्ही कापूस पिकवणारे लोक. तरीही आमच्या मुलींच्या सलवारी पॉलिस्टरमिश्रित कापडाच्या असतात आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यांच्या पायांवर घामोळे उठते. यावर माझ्या वर्गात मी बरेच बोलत असते, आणि सुती कापड आटते व रंग सोडते, हे उत्तर मला तितक्याच वेळा मिळते.

पतियाळा सलवारीवर मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मुलींना हौस सर्वांत जास्त तिची आणि बिघडते सर्वांत जास्त तीच. पतियाळा हे माळव्यातले शीख संस्थान, आणि ही सलवार तिथल्या दरबारी पोशाखाशी जोडली जाते. साध्या सलवारीत कापड नेफ्यापासूनच खाली उतरते, त्यामुळे नाडी ओढली की सगळा चुणीचा गोळा कमरेशी जमतो आणि कमीज त्यावर फुगते. पतियाळा पद्धतीत कमरेला आधी सपाट पट्टी बसवतात. आम्ही तिला बेल्ट म्हणतो. ही पट्टी कमरेवरून नितंबांपर्यंत नीट बसते, आणि चुण्या घातलेले कापड तिच्या खालच्या कडेला जोडले जाते. याचा परिणाम असा होतो की वरचा भाग सपाट राहतो, कमीज सरळ पडते आणि सगळा घेर बेल्टच्या खालून सुरू होतो. चुण्या समोरच्या बाजूने मध्याकडे येतात आणि त्यांचे कापड दोन्ही पायांवर झोळ घेत घोट्यापर्यंत उतरते. हे झोळ नीट पडले तरच ती पतियाळा, नाहीतर नुसती ढगळ सलवार.

या झोळांसाठी मी चार मीटर कापड मागते, आणि पन्हा (कापडाची रुंदी) कमी असेल तर साडेचार ते पाच. “काकू, इतकं कापड कायले लागते? दोन सलवारी निघतीन एवढ्यात,” असे कोणीतरी म्हणतेच, आणि घरी आईने तेच म्हटलेले असते. अडीच मीटरमध्ये करायला गेले तर चुण्यांची संख्या जवळजवळ निम्मी होते, झोळ पडत नाहीत, आणि जे तयार होते त्याला बाजाराने ‘सेमी-पतियाळा’ असे सभ्य नाव दिलेले आहे. कापडाचा पोत तितकाच महत्त्वाचा. कडक कापडाच्या चुण्या बाहेर फुगतात आणि बाई आहे त्याहून जाड दिसते. त्यासाठी मऊ, पडणारे सुती कापड हवे. बेल्टला जोडण्यापुरती चुणी टाचणीने पक्की करायची आणि त्याखाली तिला तिच्या वजनाने पडू द्यायचे. मुली हौसेने गुडघ्यापर्यंत इस्त्रीने घडी बसवतात आणि सलवारीचा गणवेशाचा स्कर्ट करून टाकतात. मोहरीला नेमका उलटा नियम लागू होतो. तिथे आतून बक्रमची (कडक अस्तराची) पट्टी घालून, वर चार-पाच समांतर टिपा मारून कडकपणा आणावा लागतो, कारण वरून उतरणाऱ्या कापडाचे वजन त्या कडेवर येते. आसनाचा, म्हणजे दोन पायांच्या मधला, तुकडा आखूड बेतला तर बाईला मांडी घालून बसता येत नाही, आणि मांडी घालून बसता न येणारी सलवार आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा घालत नाही.

२००७ च्या सुमारास एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातल्या नायिकेचे पाहून टी-शर्टखाली पतियाळा घालण्याची लाट आली होती आणि ती आमच्या खेड्यांपर्यंतही पोहोचली. पुढे लेगिंग आले. लेगिंगला शिवणारी बाई लागत नाही, त्यामुळे त्याविषयी माझे मत निःपक्षपाती असण्याची अपेक्षा करू नये.

पुरुषांच्या पोशाखाकडे माझे लक्ष हार्वेस्टरवाल्यांमुळे गेले. सोयाबीन निघण्याच्या वेळी आणि पुन्हा गहू-चण्याच्या हंगामात पंजाबातली हार्वेस्टर यंत्रे आमच्या भागात येतात, आणि यंत्राबरोबर आलेले चालक व मदतनीस स्वतःचा शिधा-भांडी घेऊन गावाबाहेर मुक्काम करतात. माझ्याशी बोललेले बहुतेक जण संगरूर-पतियाळाकडचे, म्हणजे माळव्यातले. कामावर असताना ते पाच-सहा मीटरची पगडी बांधत नाहीत. परना नावाचे लहान कापड डोक्याला गुंडाळतात, जसा आमचा शेतकरी दुपट्टा गुंडाळतो. त्यांतल्या एका वयस्क सरदारजींनी बगलेत उसवलेला कुर्ता माझ्याकडे दुरुस्तीला आणून दिला. तो त्यांच्या गावच्या जुन्या पद्धतीच्या शिंप्याने शिवलेला होता, आणि उसवलेली शिवण जुळवण्यासाठी तो उलटा केला तेव्हा जुन्या बेतण्याची सबंध रीत माझ्यासमोर आली.

त्या कुर्त्यात बाही जोडण्यासाठी गोल कापलेला मुंढा नव्हता. पुढचा-मागचा भाग म्हणजे सरळ आयत, बाही म्हणजे सरळ आयत, घेर वाढवायला दोन्ही बाजूंना तिरप्या कळ्या, आणि बगलेत चौकोनी तुकडा, ज्याला तिकडे चौबगला म्हणतात. हातमागाचे कापड अरुंद पन्ह्याचे असे. ते गोलाईत कापले की कातरणे वाया जातात. आयत आणि त्रिकोण यांत बेतले की जवळजवळ सगळे कापड अंगावर येते. चौबगल्यामुळे हात वर केला तरी कुर्ता वर ओढला जात नाही, बगल फाटत नाही, आणि फाटलीच तर तेवढाच तुकडा बदलता येतो. आपल्याकडच्या जुन्या अंगरख्यालाही बगलेत असा तुकडा असे. विलायती पद्धतीच्या गोल मुंढ्याने अंगाला बसणारा कपडा दिला हे खरे, परंतु भारा उचलणाऱ्या आणि फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या माणसासाठी जुना बेत सरस आहे, असे मी तो कुर्ता हातात धरून ठरवले.

पंजाबी पुरुषाचे कमरेखालचे जुने वस्त्र मात्र शिवलेले नव्हतेच. तहमत किंवा चादरा कमरेला गुंडाळून पुढे खोचण्याची ती पद्धत. झंग, शाहपूर आणि गुजरातकडे (हे गुजरात पाकिस्तानातल्या पंजाबातले शहर आहे) रंगीत काठांचा लाचा नेसत, आणि त्या पट्ट्यात काही ठिकाणी बायकाही तो नेसत. म्हणजे सलवार हा समस्त पंजाबी स्त्रियांचा पोशाख, हे विधान पंजाबच्याच एका भागात लागू पडत नाही. भांगड्याच्या मंचावर आज दिसणारा थाट, म्हणजे तुऱ्याची पगडी, कुर्ता, जाकीट आणि चमकदार चादरा, हाही असाच सगळ्या पंजाबच्या नावावर चढवलेला आहे. भांगडा मुळात ‘माझा’ मुलखाचा आणि सियालकोट-गुजरातच्या बाजूचा. १९४८ ते १९५६ या काळात पतियाळा आणि शेजारची संस्थाने मिळून झालेल्या पेप्सू राज्यात त्याला मंच मिळाला, आणि मंचावर आल्यावर दुरून दिसेल असा एकसारखा पोशाख त्याला आला.

पगडीविषयी मी थोडक्यातच लिहीन. पतियाळाशाही बांधणी वेगळी, अमृतसरची वेगळी, निहंगांची, म्हणजे शस्त्रधारी शिखांची, दुमाला नावाची निळी पगडी तर दुरूनही ओळखू येते. परंतु ज्या वस्त्राला एकही टाका नाही त्यावर शिवणाऱ्या बाईने अधिकारवाणीने बोलू नये. कछेऱ्याचे तसे नाही. १६९९ मध्ये आनंदपूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली, त्या पंथाच्या पाच ककारांत, म्हणजे अंगावर बाळगायच्या पाच खुणांत, केस, कंगवा, कडे आणि कृपाण यांच्याबरोबर असलेले हे एकच वस्त्र आहे, आणि ते नाडीचे, गुडघ्यापर्यंतचे, शिवलेले वस्त्र आहे.

आता ओढणी. फुलकारी ज्यावर भरतात ते खद्दर म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे जाडेभरडे कापड. माग अरुंद असल्यामुळे दोन-तीन पट्ट्या जोडून एक फुलकारी होते. धागा असतो पट, म्हणजे फारसा पीळ न दिलेले रेशीम, आणि टाका असतो रफूचा. हा टाका कापडाच्या उलट्या बाजूने, ताण्याबाण्याचे धागे मोजून घालायचा असतो. सुलट बाजूला लांब रेशमी टाका पसरतो आणि उलट बाजूला जेमतेम एक-दोन धागे धरले जातात, त्यामुळे महागडे रेशीम जवळजवळ सगळे दर्शनी बाजूलाच राहते. हे समजून घेण्यासाठी मी वर्ध्याहून आणलेल्या जाड खादीवर एक चौकट भरून पाहिली. सूत जाड आणि वीण सैल असल्यामुळेच धागे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. तलम कापडावर हे काम करायला गेले तर डोळे जातील. आणखी एक गोष्ट हाताने केल्याशिवाय माझ्या लक्षात आली नसती. शेजारच्या दोन चौकटी एकाच सोनेरी धाग्याने भरल्या, परंतु एकीत टाके उभे आणि दुसरीत आडवे घातले, तर त्यांच्यावर प्रकाश वेगळा पडतो आणि दोन रंग वापरल्याचा भास होतो.

कापड दिसेनासे होईपर्यंत भरले की त्याला बाग म्हणतात. नवऱ्या मुलीला तिच्या आजोळाहून, आईच्या आईकडून, मिळायचा तो चोप. तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसेल अशा टाक्याने भरतात, आणि पुष्कळदा नात जन्मली की आजी त्याला हात घालत असे. वराकडून मिळतो तो वरीचा बाग, लाल खद्दरावर सोनेरी रेशमाचा. उत्तरेकडे पोठोहारच्या बाजूला पांढऱ्या खद्दरावरची थिरमा. मला सर्वांत जवळची वाटते ती माळव्यातली, भटिंडा-फिरोजपूर-फरीदकोटकडची सैंची. तिच्यात धागे मोजून भौमितिक नक्षी काढत नाहीत. आधी शाईने आकृत्या रेखाटतात आणि मग भरतात, म्हणून तिच्यात ताक घुसळणारी बाई येते, कुस्ती खेळणारे मल्ल येतात, गाई-बैल, दागिने आणि आगगाडीसुद्धा येते. गावात आगगाडी आली तशी ती भरतकामातही आली. दृष्ट लागू नये म्हणून एखाद्या कोपऱ्यात मुद्दाम भलत्या रंगाचा टाका टाकण्याची प्रथा सगळीकडे आहे.

आमच्या आठवडी बाजारात फुलकारी म्हणून जी ओढणी मिळते ती जॉर्जेटवर यंत्राने भरलेली असते, किंवा भरतकामाचा नुसता छाप असतो. ती वापरू नये असे मी म्हणत नाही. कमी पैशांत लग्नघरी शोभून दिसते आणि वजनाला हलकी असते. मात्र हातचे काम सांगून कोणी जास्त पैसे मागितले तर ओढणी उलटी करावी. यंत्राच्या कामात मागच्या बाजूला बॉबिनच्या धाग्याची दाट, सलग वीण दिसते. हातच्या रफूच्या टाक्यात मागे बारीक ठिपके असतात आणि धागा संपला तिथली गाठ किंवा शेव कुठेतरी सापडते.

दिवाळीनंतरच्या तुकडीला मी नेहमीच्या ड्रेसबरोबर चौबगल्याचा कुर्ता आणि घोट्याला पट्टी असलेली सुथण शिकवणार आहे. कुर्त्यासाठी खादी चालेल, कारण तिचा पन्हा अरुंद असला तरी आयतांच्या बेताला तो अडचणीचा ठरत नाही. कळ्यांसाठी पाव मीटर जास्त घ्यावे. कापड आदल्या रात्री पाण्यात भिजवून, वाळवून आणावे, म्हणजे ते आटल्याचा दोष माझ्याकडे येणार नाही. ज्यांना पतियाळाच शिकायची आहे त्यांनी चार मीटर एकरंगी, मऊ सुती कापड आणावे. रेघांचे कापड सुथणीला शोभते. पतियाळ्याला आणू नये, कारण बेल्टपाशी रेघा जुळवण्यातच अख्खा दिवस जातो.